इसबाच्या त्वचेवर अळंबीचा अर्क : अख्ख्या थंडीनंतरचा अनुभव

मला लहानपणापासून इसब आहे. थंडी पडली की मनगटं आणि कोपरांच्या खाचा आधी पांढुरक्या, मग लाल होतात आणि झोपेत खाजवून रक्त येतं. गेला पावसाळा सरताना ट्रेमेला अळंबीचं सीरम आणि त्यावर धिंगरी अळंबीतलं बीटा-ग्लुकन (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळीचं द्रव्य) असलेलं क्रीम सुरू केलं. नाशिकची थंडी त्यावर काढली, म्हणून आता लिहिते.

ट्रेमेला ही पांढरी, झुबकेदार अळंबी. चीनमध्ये तिचं गोड सूप करतात. तिच्यातलं पॉलिसॅकराइड, म्हणजे असंच साखळीचं द्रव्य, पाणी धरून ठेवतं. सीरम बोटावर भेंडीच्या चिकासारखं बुळबुळीत लागतं आणि थोड्या वेळात जिरतं. पण नुसतं लावून सोडलं तर कोरड्या हवेत कातडी उलट ताणते. अंघोळीनंतर अंग टिपायचं, ओलसर कातडीवर सीरम आणि लगेच वरून जाड क्रीम, हा क्रम पाळला तरच गुण येतो.

घड्याळाच्या पट्ट्याखाली निघणारे पापुद्रे काही आठवड्यांत थांबले. खाज कमी व्हायला मात्र अर्धी थंडी गेली. जानेवारीत कोपराची खाच चिघळली, तेव्हा या दोन्हींचा काडीचा उपयोग झाला नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेल्या स्टेरॉईड मलमानेच ती बसली आणि बरी झाल्यावर मी पुन्हा क्रीमवर आले.

धिंगरीतल्या बीटा-ग्लुकनला प्लुरान म्हणतात. स्लोव्हाकियातल्या डॉक्टरांनी त्याच्या क्रीमचा सौम्य ते मध्यम इसबावरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. क्रीम अंगाच्या एकाच बाजूला लावलं आणि त्या बाजूला त्रास कमी दिसला. पण कुठल्या बाजूला काय लावलंय हे रुग्णांना माहीत होतं, शिवाय क्रीम जोडउपचार म्हणूनच होतं. माझा अनुभवही तेवढाच आहे. औषध बंद करून याच्या भरवशावर राहू नका, लहान मुलांच्या बाबतीत तर अजिबात नाही.

घेताना मागची घटकांची यादी वाचाच. एका महागड्या बाटलीवर पुढे मोठ्या अक्षरांत मशरूम होतं आणि यादीत ते सुगंधाच्याही खाली, म्हणजे नावापुरतंच! इसबाला सुगंध चालत नाही, ती मी दुकानातच ठेवली. अळंबी नैसर्गिक म्हणून निर्धास्तही होऊ नका: कच्ची किंवा अर्धवट शिजलेली शिताके अळंबी खाल्ल्यावर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात. नवीन काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन-तीन दिवस बघा.

दोन्ही परवडत नसेल तर सीरम सोडा, बिनवासाचं जाड क्रीम घ्या.