स्क्रीन बंद, वेग निम्मा: अकरा इंची टॅब काही महिने वापरल्यावर

टॅब अकरा इंची, एलसीडी स्क्रीनचा, आत स्नॅपड्रॅगन ६८० हा प्रोसेसर. म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झपर्यंत जाणारे चार मोठे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि १.९ पर्यंत जाणारे चार छोटे. ठाण्यात नौपाड्यातल्या एका क्लासला घेतलेला. दिवसा फळ्यावरचं शिकवणं रेकॉर्ड करायचं, रात्री त्या फाइल लहान करायच्या, सकाळी मुलांना पाठवायच्या. उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत हेच काम चाललंय. रेकॉर्डिंग चांगलं होतं, बॅटरी पुरते, आवाज ठीकठाक. खटकतं ते एवढंच, की स्क्रीन बंद झाली की फाइल लहान करण्याचा वेग निम्म्याच्याही खाली येतो.

दुकानात विचारलं की ‘रॅम कमी पडतेय’ असं ठोकून देतात. रॅमचा इथे काडीचाही संबंध नाही. ‘स्क्रीन बंद केल्यावर टॅब स्लो होतो’ या एका तक्रारीत दोन वेगळे प्रकार लपलेले असतात आणि दोन्हींवरचा उपाय एक नाही.

पहिला प्रकार डोझचा, म्हणजे बॅटरी वाचवायला टॅबला डुलकी लावण्याचा. अँड्रॉइड ६ मध्ये, २०१५ साली, ही सोय आली. चार्जर नाही, स्क्रीन बंद आणि टॅब एका जागी पडून असला, की काही वेळाने ॲपचं नेट बंद होतं, अलार्म पुढे ढकलले जातात आणि प्रोसेसर जागा ठेवण्याची ॲपची विनंतीही सहसा मानली जात नाही. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ ने त्याचा हलका अवतार आणला, त्याला टॅब हलतोय की नाही याचं सोयरसुतक नसतं. म्हणून ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीला लावलेलं डाउनलोड बॅगेत ठेवलं, तर तुर्भे येईपर्यंत जिथल्या तिथे असू शकतं. रेंज पुरेपूर असते, टॅबनेच ॲपचं नेट तोडलेलं असतं.

दुसरा प्रकार कोअरचा, आणि आमचं दुखणं हेच. समोर उघडलेल्या ॲपला अँड्रॉइड सगळे कोअर मोकळे ठेवतं. स्क्रीन बंद होताच तेच ॲप मागच्या गटात ढकललं जातं, आणि त्या गटाला बहुतेक टॅबवर फक्त छोटे कोअर मिळतात. कॉम्प्युटरला जोडून एडीबी या अँड्रॉइड तपासायच्या साधनातून ‘एडीबी शेल डम्पसिस ॲक्टिव्हिटी प्रोसेसेस’ (adb shell dumpsys activity processes) ही आज्ञा दिली, की त्या ॲपच्या नावापुढे ‘टॉप-स्लीपिंग’ असा शेरा दिसतो. यातली मेख अशी, की चार्जर लावल्याने डोझ टळतो, हे कोअर बदलणं टळत नाही. रात्रभर चार्जिंगला लावूनही काम रखडतं ते यामुळे.

आपल्याकडे कोणता प्रकार आहे हे ओळखायला टर्मक्स या आज्ञा टाइप करून चालवायच्या ॲपमध्ये दर १० सेकंदांनी वेळ लिहिणारी दोन ओळींची स्क्रिप्ट पुरते. ती चालू करून स्क्रीन बंद करा, अर्ध्या तासाने फाइल बघा. ११:०२:१०, ११:०२:२० आणि मग एकदम ११:०९:४७ अशी उडी दिसली, तर मधल्या वेळात प्रोसेसर चक्क झोपला होता. मग टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधला वेकलॉक (प्रोसेसर जागा ठेवण्याची विनंती) चालू करून हीच चाचणी पुन्हा घ्या. नोंदी दहा-दहा सेकंदांनी नीट पडतायत आणि तरीही व्हिडिओ सरकत नाही, तर दुसरा प्रकार, म्हणजे कोअर बदललेत. फाइल लहान करायला एफएफएमपेग हे साधन वापरत असाल तर त्याच्या ‘स्पीड’च्या आकड्यावर लगेच विसंबू नका. तो सुरुवातीपासूनची सरासरी दाखवतो, त्यामुळे वेग पडल्यावरही बराच वेळ बरा दिसत राहतो. फ्रेमची संख्या मिनिटाला किती वाढते ते मोजा.

गाणी मात्र कधी अडखळत नाहीत, कारण बऱ्याच चिपमध्ये त्यांचं काम डीएसपी या वेगळ्या भागाकडे जातं. व्हिडिओचंही तसंच. कन्व्हर्टरच्या, म्हणजे फाइल लहान करणाऱ्या ॲपच्या, सेटिंगमध्ये ‘हार्डवेअर एन्कोडर’ असेल तर तो निवडा. काम चिपमधल्या व्हिडिओच्या भागाकडे जातं, कोअर छोटे की मोठे याने फारसं बिघडत नाही. फाइल थोडी मोठी होते आणि फळ्यावरची बारीक अक्षरं किंचित पुसट होतात. गणिताच्या तासाला हे चालत नाही, घातांक वाचता आले पाहिजेत. इतिहासाला चालतं.

कोअरवर चालणारा सॉफ्टवेअर एन्कोडरच हवा असेल तर सगळ्यात भरवशाचा उपाय अगदी साधा आहे: स्क्रीन बंदच होऊ देऊ नका. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, ‘स्टे अवेक’ चालू करा, चार्जर लावा, ऑटो ब्राइटनेस बंद करून उजेड तळाला न्या. एलसीडीला याने काही होत नाही. ओलेड असेल तर रात्रभर एकच चित्र ठेवू नका, डाग राहू शकतो. फ्लिप कव्हर उघडंच ठेवा. त्यातलं चुंबक स्क्रीन बंद करतं, शिवाय पाठीमागची उष्णता कोंडते. मे महिन्यात बंद खोलीत चार्जिंग आणि एन्कोडिंग एकदम चाललं की टॅब तापून आपणहून वेग उतरवतो, तिथे कुठलीही सेटिंग कामाची नाही. पंख्याखाली, टेबलावर उभा ठेवा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर खुशाल वापरा. चार्जिंग थांबलं तरी चार्जर जोडलेलाच असतो, त्यामुळे डोझ लागत नाही. वीज गेली की मात्र लागू शकतो.

स्क्रीन बंदच हवी असेल तर निदान कायम नोटिफिकेशन दाखवत काम करणारं ॲप घ्या. अशा ॲपला मागच्या गटापेक्षा बरे कोअर मिळतात. त्याच्या बॅटरीच्या पानावर ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. सॅमसंगवर ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’च्या यादीतही टाका, शाओमीवर ‘नो रिस्ट्रिक्शन्स’ असतं. सिस्टीम अपडेट झालं की हे एकदा तपासून घ्यावं. रूट करून (सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवून) कोअरचा क्लॉक, म्हणजे वेग, वाढवायच्या भानगडीत पडू नका, छोटा कोअर कितीही पळवला तरी मोठ्याची बरोबरी करत नाही.

अँड्रॉइड १५ वर आणखी एक मर्यादा आहे. त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपची व्हिडिओ-प्रक्रियेची आणि डेटा-सिंकची मागची सेवा २४ तासांत ६ तासच चालते. रात्री अकराला लावलेलं काम पहाटे पाचला थांबलं, तर टॅबला दोष देण्याआधी हे बघा. ॲप उघडून समोर आणलं की हा हिशोब पुन्हा शून्यापासून सुरू होतो.