हवालदाराच्या पगारावर साताऱ्यात फ्लॅट: दीड वर्ष हप्ते भरल्यानंतरचा अनुभव

आमचे मिस्टर सैन्यात हवालदार आहेत, सध्या फिल्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी. मुलांच्या शाळेसाठी मी साताऱ्यात भाड्याने राहत होते. 2024 च्या पावसाळ्यात 34 लाखांचा तयार फ्लॅट घेतला. त्यासाठी एका बँकेकडून 24 लाखांचं कर्ज काढलं, 15 वर्षांसाठी, 8.5 टक्क्यांनी. हप्ता साधारण 23,600. नात्यातल्या फौजींच्या बायका सारख्या विचारतात म्हणून सविस्तर लिहिते. बँकेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिच्याच दुसऱ्या शाखेत वेगळा अनुभव आलेले लोक मला माहीत आहेत.

फौजींसाठीच्या कर्जाच्या जाहिरातीत प्रोसेसिंग फी माफ आणि व्याजात सूट असं ठळक लिहिलेलं असतं. फी खरंच लागली नाही. व्याजातली सूट मात्र इतकी किरकोळ की तिच्यावरून बँक ठरवू नये. समोरच्या माणसाला फौजेची नोकरी कळते का, ते आधी बघावं.

आमच्या फाइलवर कर्ज विभागातल्या साहेबांनी हिशेब मांडला, "वय 36, म्हणजे अजून 24 वर्षं नोकरी. 24 वर्षांचं कर्ज देतो, हप्ता कमी बसेल." मी म्हटलं, "अहो, हवालदार साठीपर्यंत नोकरीत नसतो. हे पंचेचाळीसच्या आसपास पेन्शनवर येतील." त्यांनी पे स्लिप परत उलटीपालटी केली आणि फाइल पुन्हा वर गेली. चांगले दोन आठवडे त्यातच गेले. मी गप्प बसले असते तर कर्ज लांबलचक झालं असतं आणि पेन्शनच्या काळात त्याचा भार आमच्याच गळ्यात पडला असता.

तो भार किती, हे कागदावर मांडून बघा. शेवटचा मूळ पगार आणि एमएसपी (फौजींना पगारासोबत मिळणारा मिलिटरी सर्व्हिस पे) मिळून 48,000 धरला, तर पेन्शन त्याच्या निम्मी, 24,000. निम्मी पेन्शन एकरकमी पैशांच्या बदल्यात विकली, म्हणजे कम्युट केली, तर हातात 12,000 आणि वर महागाई भत्ता. हा भत्ता पूर्ण 24,000 वर मिळतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तरी सगळं मिळून रक्कम पगाराच्या जवळपासही जात नाही, आणि हप्ता तोच 23,600. म्हणून आम्ही आधीच ठरवलंय की पेन्शन विकून आणि ग्रॅच्युइटीतून येणारी रक्कम सरळ कर्जात भरायची. फ्लोटिंग व्याजाचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड नाही, त्यामुळे हे जमतं. त्या पैशातून गाडी घ्यावी असं मिस्टरांना वाटतं. बघू.

पडताळणीची गंमत वेगळीच. नोकरीचं ठिकाण तपासणाऱ्या एजन्सीच्या पोराचा फोन आला, "मॅडम, 56 एपीओ कुठं येतं? जवळची खूण सांगा ना." एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस, तो युनिटचा टपालाचा पत्ता, गाव नव्हे, हे त्याला समजावलं, तरी त्याच्या फॉर्मात खुणेचा रकाना रिकामा सोडता येत नव्हता. शेवटी युनिटने दिलेलं सर्व्हिस सर्टिफिकेट जोडलं तेव्हा तो रकाना सुटला. हे सर्टिफिकेट सुट्टीवर येतानाच घेऊन या, मागाहून मागवायचं तर टपालातच महिना जातो.

सुट्टीचं गणित तर बँकेला कळतच नाही. वर्षाची सुट्टी 60 दिवस, तीही एका दमात मिळेलच असं नाही. आमची मंजुरी आली तोपर्यंत मिस्टर परत युनिटला पोचले होते. नशीब, सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाकडे जाऊन माझ्या नावे विशेष मुखत्यारपत्र करून ठेवलं होतं. त्यात बँकेची कर्जाची कागदपत्रं सही करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा. मसुदा बँकेकडूनच मागून घ्या, नाहीतर ऐनवेळी "आमच्या नमुन्यात नाही" म्हणून परत पाठवतात.

फ्लॅट मी एकटीच्या नावावर घेतला, आणि यावरून सासरी थोडी कुजबुजही झाली. पण महाराष्ट्रात 2021 पासून घर फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांची नावं टाकली की ती जाते. आमचे 34,000 वाचले. नोंदणी फी 1 टक्का, पण 30,000 च्या वर नाही. कर्जात मिस्टर सहकर्जदार आहेत, कारण उत्पन्न त्यांचं. एजंट म्हणत होता, "साहेबांचं नाव टाका, टॅक्स वाचेल." कसला टॅक्स? ते नव्या कररचनेत आहेत, तिथे स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. आता तर 12 लाखांपर्यंत करच नाही. तुमचे मिस्टर जुन्या कररचनेत असतील तर मात्र दोन्ही बाजूंचा हिशेब करून बघा, वजावटीसाठी घरात नाव लागतं.

तयार फ्लॅट, भोगवटा प्रमाणपत्रासह घेतला, त्यामुळे जीएसटी नाही. बांधकाम चालू असलेला थोडा स्वस्त मिळत होता, पण भाडं आणि हप्ता दोन्ही एका पगारातून निघत नाहीत. ज्यांना प्लॉटच हवा (फौजी माणसाला प्लॉटचं वेड असतंच), त्यांनी एनए (बिगरशेती) नसलेल्या गुंठ्यावर कर्ज मिळेल या आशेवर बयाणा देऊ नये.

सगळ्यात खटकलेली गोष्ट विम्याची. कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा "घ्यावाच लागतो" असं तोंडी सांगितलं, आणि तो हप्ता कर्जातच मिळवून टाकणार होते, म्हणजे त्यावरही 15 वर्षं व्याज. लेखी द्या म्हटल्यावर विषय संपला. एजीआयएफची (सैन्याच्या गटविमा निधीची) वर्गणी पगारातून जातेच, तिचं विमा संरक्षण आहे. वेगळा विमा घ्यायचाच असेल तर ड्युटीवरच्या मृत्यूबद्दलची अट आधी वाचा.

हप्ता पगाराच्या खात्यातून आपोआप जातो, मिस्टर कुठेही असोत, एकदाही चुकला नाही. 2025 मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) 6.5 वरून 5.25 वर आला, आमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असल्याने व्याज 7.25 वर उतरलं. बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत घटवली, दीड वर्षाच्या आसपास. आम्हाला तेच हवं होतं. पण हा बदल ॲपवर दिसायला वेळ लागला, म्हणून शाखेतून नव्या मुदतीचं हप्त्यांचं वेळापत्रक छापून आणलं. तुमचं कर्ज जुनं असेल, रेपोऐवजी एमसीएलआरशी (बँकेने स्वतः ठरवलेल्या दराशी) जोडलेलं असेल, तर शाखेत जाऊन ते बदलून मागा. फी किती लागेल, ते आधी विचारा.