मोटर जिन्याखाली, मी ऑफिसात: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, हे इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरएक किलोमीटर आलेलं ते पाणी आधी हौदात पडतं, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. लोकमान्य नगरातल्या आमच्या घरात दिवसभर सासू-सासरेच असतात. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आईंचे गुडघे दुखतात आणि मोटरचा स्टार्टर जिन्याखाली, वाकून हात घालावा लागेल अशा जागी. माझं ऑफिस सुपर कॉरिडॉरला. म्हणून मोटर, गिझर आणि बाबांच्या खोलीतला एसी फोनवरून चालवता येईल अशी सोय मी घरी उभी केली. खर्च मजुरीसकट साधारण बारा हजार रुपये आला.

सुरुवात बाजारातल्या तयार, फोनवरून चालू-बंद होणाऱ्या स्मार्ट प्लगनेच केली होती, गिझरसाठी. कंपनीचं नाव घेत नाही. एकदा ऑफिसातून गिझर बंद केला, फोनवरचं बटण लगेच करडं झालं, मी निश्चिंत. अर्ध्या तासाने आईंचा फोन, "अगं, गिझरचा लाल दिवा लागलेलाच आहे." घरचं इंटरनेट गेलं होतं. ॲपने घरी काय झालं ते दाखवलंच नव्हतं, मी काय दाबलं तेच मला परत दाखवलं होतं. गिझरला स्वतःचा थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे बिघडलं काही नाही. पण अशा ॲपच्या भरवशावर मोटर सोडायची माझी तयारी नव्हती.

मग रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक (पुढे नुसता 'पाय') घेतला आणि त्यावर होम असिस्टंट हे घरातली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं. २०१३ मध्ये पाउलस स्काउटसेन यांनी सुरू केलेला हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे. त्याचं मोठं सुख हे, की सगळा कारभार घरातल्या घरात चालतो. बाहेरचं इंटरनेट गेलं तरी घरातली बटणं मरत नाहीत. मोटरपाशी वायफायवरचा छोटा रिले, म्हणजे हुकमावर चालू-बंद होणारा स्विच आहे, त्यात टास्मोटा हे त्याला चालवणारं सॉफ्टवेअर. रिले आणि होम असिस्टंटमधलं बोलणं एमक्यूटीटीने, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायच्या एका ठरलेल्या पद्धतीने होतं. तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी १९९९ मध्ये हा प्रोटोकॉल तयार झाला, म्हणजे तुटक आणि महागड्या लाइनीचा विचार त्यात पहिल्यापासून आहे. जिन्याखालचं आमचं वायफायही तसंच तुटक, त्यामुळे हे मला मनापासून पटलं.

आता मुख्य गोष्ट, मे महिन्यातली. दुपारी लाइट गेली, तीनच्या सुमारास आली आणि मोटर आपोआप सुरू झाली. टाकी सकाळीच भरलेली होती. शेजारच्या काकूंनी हाक मारली तेव्हा गच्चीवरून पाण्याची धार अंगणात पडत होती आणि बाबा अनवाणी, ओल्या फरशीवरून स्टार्टरकडे निघाले होते. ते घसरले असते तर, हा विचार मला आजही सोडत नाही. आणि वर एक दिवसाआड येणारं पाणी वाया गेलं.

दोन रात्री मी याच्या मागे होते. टास्मोटात लाइट परत आल्यावर रिलेने काय करायचं ते ठरवता येतं. मुळात ते 'आधी होतं तसं' असतं, मी ते पहिल्याच दिवशी 'बंद' केलं होतं. तरी मोटर सुरू झाली कशी? शेवटी सापडलं. महिनाभरापूर्वी चाचणी करताना 'चालू'चा हुकूम मी 'रिटेन'ची ('जपून ठेव') खूण करून पाठवला होता. अशी खूण असलेला निरोप ब्रोकर, म्हणजे सगळे निरोप पोचवणारा मधला प्रोग्राम, जपून ठेवतो आणि तो विषय (निरोपाचं ठरलेलं नाव) ऐकायला जो कोणी नव्याने येईल त्याला हातात देतो. लाइट आली, रिले बंद अवस्थेतच जागा झाला, ब्रोकरला जाऊन भेटला आणि ब्रोकरने त्याला महिन्यापूर्वीचा हुकूम दिला. वीस मिनिटांनी मोटर बंद करायचा नियम होता, पण तो होम असिस्टंटमध्ये. लाइट गेल्यामुळे पायही नव्याने सुरू होत होता. त्यावरचा ब्रोकर आधी उठला, होम असिस्टंट नंतर. त्याने पाहिलं तेव्हा मोटर आधीच चालू होती; 'बंदची चालू झाली' हा क्षणच त्याच्या नजरेतून सुटला आणि नियम लागला नाही.

जपलेला निरोप काढणं सोपं आहे. त्याच विषयावर, तीच खूण करून, रिकामा निरोप पाठवायचा. पण माझं समाधान तेवढ्याने झालं नाही. चूक माझी होती ती वीस मिनिटं पायकडे सोपवण्याची. मोटर चालू करायला फोन, सर्व्हर, इंटरनेट काहीही चालेल. बंद करायला मोटरपाशी जे आहे तेच पुरलं पाहिजे. मग टास्मोटातला 'पल्सटाइम' लावला. रिले स्वतःच वेळ मोजतो, वायफाय असो नसो. त्यातली एक गंमतीची नाही पण फसवी जागा सांगून ठेवते: १११ पर्यंतचे आकडे सेकंदाच्या दहाव्या भागाचे असतात आणि त्यापुढच्या आकड्यातून १०० वजा केले की सेकंद मिळतात. वीस मिनिटांसाठी १२०० नव्हे, १३०० लिहावं लागतं. शिवाय टाकीत फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच सोडला आणि त्याची तार खाली थेट रिलेच्या डब्यात आणली. टाकी भरली की मोटर बंद, हा नियमही त्याच डब्यात. त्यानंतर लाइट कितीदा गेली-आली, अंगण कोरडं आहे.

इलेक्ट्रिशियनचंही ऋण मानते. मी रिलेतूनच एक हॉर्सपॉवरची मोटर चालवणार होते, डब्यावर १६ अँपिअर लिहिलंय म्हणून. त्याने ऐकलं नाही. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि रिलेचे पॉइंट चिकटले की सॉफ्टवेअरने कितीही 'बंद' म्हटलं तरी मोटर फिरतच राहते. त्याने मध्ये काँटॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट झेपणारा मोठा स्विच बसवला. रिले आता फक्त त्याला चालू-बंद करणारी कॉइल सांभाळतो.

फोनवरचं बटण मी तीन अवस्थांचं केलं. टास्मोटात हुकूम जाण्याचा विषय वेगळा आणि उत्तर येण्याचा वेगळा असतो, त्याचा फायदा घेतला. दाबलं की बटण पिवळं होतं, 'सांगितलंय'. रिलेकडून उत्तर आलं तरच हिरवं. तिसरी अवस्था, 'डबा गप्प आहे'. एमक्यूटीटीत यंत्राला जोडलं जातानाच आपलं मृत्युपत्र ब्रोकरकडे ठेवता येतं: माझा आवाज बंद झाला तर सगळ्यांना कळव. यंत्राने हजेरी द्यायच्या ठरलेल्या अंतराच्या दीडपट वेळ वाट पाहून ब्रोकर ते वाचून दाखवतो. मी अंतर ३० सेकंद ठेवलंय, म्हणजे पाऊण मिनिटात मला कळतं. पिवळं बटण बघत थांबणं कंटाळवाणं आहे, पण गिझरच्या त्या करड्या बटणापेक्षा मला ते शंभरदा पसंत आहे.

बाबा फोन वापरत नाहीत आणि त्यांनी वापरावा असा माझा आग्रहही नाही. त्यांच्यासाठी बैठकीत, खुर्चीवरून हात पोचेल असं साधं पुश बटण बसवलंय. ते दाबलं की मोटर चालू होते आणि माझ्या फोनवर बटण हिरवं होतं. नळ किती वाजता आला, किती वेळ होता हे बाबा वर्षानुवर्षं वहीत लिहितात. त्या वहीवरूनच मी मोटरची वेळ ठरवली. "आज सव्वासहाला आला, दाब कमी होता," हे ते मला अजूनही सकाळी पोह्यांबरोबर सांगतात, आणि ती माहिती कुठल्याही सेन्सरकडे नाही.

एसीबद्दल थोडक्यात. तो इन्फ्रारेडने चालतो, म्हणजे हुकूम जातो, उत्तर येत नाही. एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड, पंखा सगळं एकत्र पाठवतो, त्यामुळे गोंधळ कमी होतो. तरी तो खरंच चालू झाला का हे मला बाबांना विचारावंच लागतं.

बाहेरून घरात शिरण्यासाठी राउटरवर होम असिस्टंटचा ८१२३ पोर्ट, म्हणजे त्याचं आत यायचं दार, उघडा टाकू नका, अशी कळकळीची विनंती. आमच्या इंटरनेटवाल्याकडे अनेक घरांना मिळून एकच पत्ता आहे, त्यामुळे तो मार्ग तसाही बंदच होता. मी वायरगार्डवर चालणारं टेलस्केल वापरते; ते माझा फोन आणि घर यांच्यात खाजगी, सुरक्षित वाट करून देतं. नऊ महिन्यांत दोनदाच अडलं, दोन्ही वेळा माझ्याच फोनवर ते बंद होतं.

सगळ्यात कच्चा दुवा निघाला पायमधलं मेमरी कार्ड. होम असिस्टंट दहा दिवसांची नोंद सतत लिहीत असतं. पाचव्या महिन्यात कार्ड गेलं. बॅकअप त्याच कार्डावर होता, सगळं पुन्हा मांडावं लागलं. त्या चार दिवसांत मोटर मात्र बाबांच्या बटणावर आणि फ्लोटवर रोज व्यवस्थित चालली. आता पाय कार्डाऐवजी एसएसडी डिस्कवर आहे, बॅकअप माझ्या लॅपटॉपवर, आणि पाय व राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर.

हौदातला फ्लोट मात्र अजून बसायचा आहे. नळ आला नाही आणि हौद रिकामा असला तर मोटर कोरडी फिरेल, ती वीस मिनिटांनीच थांबेल. तार आणून ठेवली आहे. हौदाचं झाकण जड आहे, इलेक्ट्रिशियन रविवारी मुलाला घेऊन येणार आहे.