पॉलिश्ड क्रिस्टल: रब्बीभर जागलीवर खेळलेला पोकेमॉन

मूळ पोकेमॉन क्रिस्टल हा खेळ डिसेंबर 2000 मध्ये जपानात आला, गेम बॉय कलर या हातात धरून खेळायच्या यंत्रासाठी. आमच्या गावात ते यंत्र कोणी पाहिलंही नव्हतं, आम्हाला पोकेमॉन कळला तो टीव्हीवरच्या हिंदी कार्टूनमधून. त्याच क्रिस्टलला चाहत्यांनी नव्याने घासूनपुसून केलेला मॉड, म्हणजे फेरफार केलेली आवृत्ती, ती पॉलिश्ड क्रिस्टल. दिवाळीनंतर फोनवर घेतला, हरभरा सोंगेपर्यंत खेळलो आणि अजूनही सोडलेला नाही.

कुठे आणि कधी खेळतो ते आधी सांगतो, कारण मला हा मॉड एवढा का आवडला ते त्यातूनच कळेल. शेत दारव्हा तालुक्यात. पंपाची थ्री फेज लाइन (वीज) एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची लाइन असली की हरभऱ्यावर स्प्रिंकलर लावायचे, दोन-तीन तासांनी पाइप बदलायचे आणि मधल्या वेळात मचाणावर बसून रानडुकरांवर नजर ठेवायची. नेटवर्क धुऱ्यापर्यंतच, मचाणावर नाही. ऑनलाइन गेमचा तिथे काही उपयोग नाही. हा खेळ जेमतेम 2 एमबीचा. नेट नको, जुना फोन चालतो, बॅटरी सकाळपर्यंत पुरते. पाइप बदलायला उठायचं झालं तर लढाईच्या मधेही थांबवता येतो.

पण खरी मजा त्याच्या घड्याळात आहे. मूळ क्रिस्टलच्या कार्ट्रिजमध्येच (खेळाच्या कॅसेटमध्ये) घड्याळ होतं, एम्युलेटर (फोनवर जुने खेळ चालवणारं अ‍ॅप) आता फोनची वेळ घेतो. मूळ खेळात संध्याकाळी 6 ते पहाटे 4 म्हणजे रात्र. घुबडासारखा पोकेमॉन हूटहूट तेव्हाच निघतो, स्प्राउट टॉवर नावाच्या मनोऱ्यात भुतासारखा गॅस्टली तेव्हाच भेटतो. वारांचंही तसंच: युनियन केव्ह या गुहेच्या तळाशी लाप्रस हा पोकेमॉन शुक्रवारी, किडे पकडायची स्पर्धा मंगळवार, गुरुवार, शनिवार. दिवसा खेळणाऱ्याला हा निम्मा खेळ दिसतच नाही. इकडे टॉर्च मारून हरभऱ्यात काही हललं का ते पाहायचं, तिकडे गवतात हूटहूट. रात्र दोन्हीकडे एकच असते, आणि ही गोष्ट मला दुसऱ्या कुठल्याच गेमने दिली नाही.

मॉडने काय बदललं? सगळ्यात मोठा बदल लढाईच्या हिशेबात आहे. जुन्या खेळांत हल्ला अंगाच्या ताकदीचा की स्पेशल, हे त्याच्या टाइपवर, म्हणजे गटावर ठरायचं. पाणी, बर्फ, डार्क हे सगळे स्पेशल. त्यात फेरॅलिगेटर या पाण्याच्या पोकेमॉनवर अन्याय व्हायचा. त्याचा अटॅक 105 आणि स्पेशल अटॅक 79, म्हणजे एवढ्या जबड्याचा मगर, पण त्याचा चावा कमकुवत आकड्याने मोजला जायचा. 2006 च्या डायमंड-पर्ल या पोकेमॉन खेळांपासून प्रत्येक हल्ल्याचा प्रकार वेगळा धरायला लागले, आणि या मॉडने तीच पद्धत क्रिस्टलमध्ये आणली. आता बाइट आणि आइस पंच हे हल्ले त्याच्या हातात शोभतात. मी टोटोडाइलपासून (तोच वाढून फेरॅलिगेटर होतो) सुरुवात केली, आणि हा फरक मला पावलोपावली जाणवला.

नंतरच्या खेळांतला फेअरी टाइप आहे, धावायचे बूट आहेत, ईव्ही हा पोकेमॉन वाढून सिल्व्हिऑनही होतो. केबल लावून दुसऱ्याशी अदलाबदल केल्याशिवाय जे पोकेमॉन पूर्ण वाढत नसत, ते इथे एकट्यालाही वाढवता येतात. गावात पोकेमॉन खेळणारा दुसरा माणूस नसताना ही सोय केवढी मोठी आहे, हे शहरातल्या मित्रांना सांगूनही पटत नाही.

गोल्डनरॉड शहराच्या जिमची प्रमुख व्हिटनी मात्र अजूनही घाम काढते. तिच्या मिल्टँक या गायीसारख्या पोकेमॉनचा रोलआउट हा दगडाच्या टाइपचा हल्ला लागत गेला की दर वेळी दुप्पट होतो, पाच वेळांपर्यंत. तोवर आपण तिला अर्ध्यावर आणलं, तर ती मिल्क ड्रिंक पिऊन पुन्हा ताजी. पुतण्या सातवीत आहे, सुट्टीत माझ्यासोबत शेतात येतो. तो वैतागून म्हणाला, "काका, हे गाय मरत काहून नाही?" त्याला सांगितलं, जिओड्यूड हा पोकेमॉन घे, पण मादी घे. जिओड्यूड जमिनीच्या टाइपचाही असल्याने रोलआउट त्याला अर्धाच लागतो, आणि मिल्टँक नेहमी मादीच असल्याने मादीवर तिचा अट्रॅक्ट (नर-मादीतच चालणारा भुरळ घालायचा डाव) चालत नाही. त्याने अंधाऱ्या गुहेत मादी शोधली, वाढवली आणि जिंकला. त्या रात्री पाइप बदलायला तो माझ्याआधी उठला.

उणिवाही आहेत. सगळा मजकूर इंग्रजीत आहे, आणि हल्ल्यांची वर्णनं वाचल्याशिवाय या मॉडची निम्मी गोडी कळत नाही. पुतण्याला मीच वाचून दाखवतो. 160 बाय 144 ठिपक्यांचं चित्र मोठ्या स्क्रीनवर भरड दिसतं. काचेवरची बटणं थंडीत बधिर बोटांनी नीट दाबली जात नाहीत. ब्लूटूथ कंट्रोलर जमला तर जरूर घ्या.

घ्यायची पद्धतही समजून घ्या. असे मॉड बहुधा पॅच म्हणून देतात, म्हणजे मूळ खेळात काय बदललं तेवढंच. पॅचला मूळ खेळाची प्रत आपली लागते. प्रिझम नावाचा क्रिस्टलवरचाच मॉड निन्टेन्डो या पोकेमॉन काढणाऱ्या कंपनीच्या कायदेशीर नोटिशीमुळे डिसेंबर 2016 मध्ये ऐन प्रकाशनाच्या तोंडावर थांबला होता. इतक्या जणांनी फुकट, वर्षानुवर्षं राबून केलेलं काम असं थांबतं याचं मला आजही वाईट वाटतं. पॉलिश्ड क्रिस्टलचा कोड गिटहब या साइटवर खुला आहे, कोणालाही वाचता येतो.

सेव्ह मात्र खेळाच्या मेनूतूनच करा. एम्युलेटरच्या सेव्ह स्टेटवर (त्या क्षणाची जशीच्या तशी साठवलेली स्थिती) विसंबून मॉडची नवी आवृत्ती टाकली तर जुनी स्टेट धड चालत नाही. आणि मॉडचे दोन प्रकार मिळतात. पोकेमॉनचे टाइप आणि आकडे अधिकृत खेळांतल्यासारखेच हवे असतील तर 'फेथफुल' घ्या. ज्याने क्रिस्टल आधी कधीच खेळला नाही त्याला मी तोच देईन, पुतण्यालाही तोच दिलाय.