फोर्ट जॉर्ज : आधी तटावरून, मग आतून

स्कॉटलंडच्या उत्तर भागात, इन्व्हर्नेसपासून सुमारे १८ किलोमीटरवर, आर्डरसियर गावाच्या पुढे जमिनीचे एक चिंचोळे टोक मरी फर्थच्या खाडीत शिरते. त्या टोकावर १७४८ ते १७६९ या काळात बांधलेली फोर्ट जॉर्ज ही लष्करी छावणी पाहून आलो, आणि जी जागा पाहायला निदान अर्धा दिवस लागतो, तिच्यासाठी ज्या सहल कंपनीबरोबर आम्ही गेलो होतो तिने जेमतेम एक तास ठेवला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे पुन्हा गेलो. हे परीक्षण मुख्यतः त्या दुसऱ्या भेटीवर आधारलेले आहे.

गावाकडून जाताना किल्ला जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो गवताचा एक लांबलचक उतार आणि त्यामागून डोकावणारी काही धुराडी. वास्तुरचनेचे मर्म इथेच आहे. तोफांच्या काळात उंच भिंत म्हणजे शत्रूला आयते लक्ष्य, म्हणून लष्करी अभियंता विल्यम स्किनर याने तट बुटके आणि अतिशय जाड ठेवले, त्यांच्यापुढे रुंद खंदक घेतला आणि खंदकाबाहेरची जमीन हळूहळू उतरती केली, जेणेकरून चाल करून येणाऱ्याला शेवटपर्यंत आडोसा मिळू नये. आधी खंदकापलीकडच्या त्रिकोणी तटबंदीतून, म्हणजे रॅव्हलिनमधून, जावे लागते. मग लाकडी पूल ओलांडून, दुसऱ्या जॉर्ज राजाचे राजचिन्ह मिरवणाऱ्या मुख्य दरवाजातून आपण आत येतो.

आत आल्यावर लगेच संग्रहालयाकडे वळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी तटावर चढावे आणि सुमारे दीड किलोमीटरचा पूर्ण फेरा मारावा. बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले बुरूज असे बसवलेले आहेत की एका बुरुजाच्या बगलेतली तोफ शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याशी आलेल्या माणसाला टिपू शकते आणि तटाखाली लपायला एकही कोपरा उरत नाही. पुस्तकातल्या नकाशावरून हे मला कधीच नीट उमगले नव्हते. ड्यूक ऑफ कंबरलँडच्या नावाच्या बुरुजावर उभे राहून तटाच्या रेषेवरून नजर फिरवली तेव्हा क्षणात उमगले. हे नावही सहज दिलेले नाही. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइट सैन्याचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी उठलेल्या बंडखोरांचा, निर्णायक पराभव करणारा सेनापती हाच. त्याआधी काही आठवडे जॅकोबाइटांनी इन्व्हर्नेस शहरातला फोर्ट जॉर्ज याच नावाचा जुना किल्ला सुरुंग लावून उडवला होता. असे बंड पुन्हा उभे राहू नये म्हणून हा नवा किल्ला बांधण्यात आला.

अंदाजपत्रक सुमारे ९२ हजार पौंडांचे होते. प्रत्यक्षात खर्च दोन लाखांच्या वर गेला. बांधकामाचा ठेका विल्यम अ‍ॅडम याच्याकडे होता, पण १७४८ मध्येच तो वारला आणि काम त्याच्या मुलांनी पुढे नेले. त्यांच्यापैकी रॉबर्ट पुढे ब्रिटनमधला अग्रगण्य वास्तुविशारद ठरला. काम पूर्ण होईपर्यंत मात्र ज्या बंडाच्या धास्तीने ते सुरू झाले ती धास्तीच संपली होती, आणि किल्ल्यावर कधीही हल्ला झाला नाही. वास्तूच्या दृष्टीने ही मोठी भाग्याची गोष्ट म्हणावी लागेल, कारण त्यामुळे सुमारे १७ हेक्टरांवरचा मूळ आराखडा आजही जवळपास अखंड वाचता येतो. जॅकोबाइटांच्या १७१५ च्या उठावानंतर बांधलेली रुथवेनची छावणी जॅकोबाइटांनी जाळली. तिथे आज बिनछपराच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. शक्य असल्यास आधी ती पाहावी, म्हणजे दोन छावण्यांमधील फरक स्वतःच बोलू लागतो.

सुमारे १,६०० सैनिकांच्या निवासासाठी समोरासमोर बांधलेल्या चाळवजा इमारतींचे दर्शनी भाग इतके प्रमाणबद्ध आहेत की लष्करी काटकसरही देखणी असू शकते हे पटते. त्यातल्या काही खोल्या निरनिराळ्या काळांतल्या राहणीप्रमाणे सजवल्या आहेत. १७८० ची खोली मी सर्वांत जास्त वेळ पाहिली: एका खोलीत आठ शिपाई, एका पलंगावर दोघे, आणि ज्याची बायको सोबत आहे त्याच्यासाठी कोपऱ्यात घोंगडीचा पडदा, एवढाच काय तो संसार. त्या पडद्यापुढे उभे राहिल्यावर बाहेरच्या त्या भव्य समतोलाकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही.

दारूकोठार चुकवू नये. ठिणगी पडू नये म्हणून तिथल्या लाकडी जमिनीत लोखंडी खिळा न वापरता लाकडी मेखा ठोकल्या आहेत, आणि झडपांना तांब्याचा पत्रा आहे. टोकाकडचे प्रार्थनामंदिर साधे पण सुरेख आहे. ते मी घाईत पाहिले.

हायलँडर्स म्युझियममध्ये मराठी वाचकाने ७८ व्या हायलँड पलटणीचा मागोवा जरूर घ्यावा. १७९३ मध्ये उभी राहिलेली ही पलटण १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे आणि भोसले यांच्या फौजांविरुद्ध लढली आणि त्याबद्दल तिला हत्तीचे चिन्ह मिळाले. आपल्या इतिहासातला तो पराभव इतक्या दूरच्या खाडीकाठी समोर येतो तेव्हा काही काळ पाय तिथून हलत नाहीत.

किल्ला आजही लष्कराच्या वापरात असल्यामुळे काही इमारती पाहुण्यांसाठी बंद असतात. त्याची तयारी ठेवावी. तटावर वारा सतत आणि बोचरा असतो, आसरा कुठेच नाही, तेव्हा उन्हाळ्यातही जाड कपडे न्यावेत. पलटणींच्या लाडक्या कुत्र्यांचे छोटेसे दफनस्थान तटावरूनच दिसते, आणि पलीकडे चॅनन्री पॉइंटच्या दिशेने खाडीत डॉल्फिन दिसण्याची शक्यता असते, म्हणून दुर्बीण असल्यास ती फेरीच्या सुरुवातीपासूनच गळ्यात असू द्यावी.