चहाचा सेट: अँटिक, व्हिंटेज की नवा?

सेट काचेच्या कपाटात ठेवायचा की त्यातून चहा प्यायचा, हे ठरलं की निम्मा गोंधळ मिटतो. नुसता संग्रह करायचा असेल तर अँटिकला तोड नाही, त्यावर वाद घालण्याचं कारणच नाही. पुढचं सगळं वापरणाऱ्यांसाठी, म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा तरी सेट बाहेर काढणाऱ्यांसाठी आहे.

अँटिक, म्हणजे ढोबळमानाने 1920 च्या आधीच्या सेटची पहिली अडचण मापाची. ब्रिटनमध्ये 1784 साली चहावरचा कर 119 टक्क्यांवरून 12.5 टक्क्यांवर आला. त्याआधी चहा इतका महाग होता की टीपॉट लहानच असत आणि कपांना बऱ्याचदा कानही नसे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सेटमध्ये चहाचा कप आणि कॉफीचा कप मिळून एकच बशी असायची. त्यामुळे अशा सेटमध्ये 'बशा कमी आहेत' म्हणून भाव पाडायला जाऊ नका. तो तसाच पूर्ण असतो.

दुसरी अडचण झिलईवरच्या जाळ्याची. आतली माती आणि वरची झिलई वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात-प्रसरण पावतात, सच्छिद्र माती वर्षानुवर्षं ओल धरून किंचित फुगते आणि झिलईला बारीक भेगा जातात. चहा त्यांत उतरतो, तपकिरी रेघा उमटतात आणि गरम पाणी ओतलं की जुनाट वासही येतो. सोडियम परकार्बोनेट (कपड्यांचे डाग काढायची पावडर) कोमट पाण्यात घालून कप भिजवला तर डाग फिके होतात. भेगा मात्र राहतात. क्लोरीनचं ब्लीच वापरू नका, त्याचे क्षार आत बसून झिलईचे पापुद्रे सुटू शकतात. हा त्रास मुख्यतः जुन्या अर्दनवेअरचा, म्हणजे कमी तापमानात भाजलेल्या सच्छिद्र मातीच्या भांड्यांचा. बोन चायनात, म्हणजे हाडांची राख मिसळलेल्या पातळ चिनी मातीत, तो क्वचित दिसतो.

डागडुजी केलेला नग ओळखणं त्याहून अवघड. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च अंधारात फिरवली तर रेझिन (डागडुजीचा प्लास्टिकसारखा पदार्थ) भरलेली जागा बहुधा वेगळी चमकते. टॉर्च नसेल तर कपाची कड ओठाला लावा: चिनी माती गार लागते, रेझिन कमी गार आणि मऊसर. असा कप शोभेसाठी ठीक, उकळत्या चहासाठी नाही. शिवाय जुन्या झिलईत आणि वरून भरलेल्या रंगांत शिसं असू शकतं. लिंबाचा चहा त्यात टाळा आणि कुठलाच चहा तासन् तास ठेवू नका.

नव्या सेटचं कौतुक थोडक्यात आटोपतं, कारण त्याच्या सोयी उघड आहेत: डिशवॉशर, सोनेरी कड नसेल तर मायक्रोवेव्ह, आणि मोठ्या कानाचा दणकट कप. घरात लहान मुलं असतील तर मी नवाच सेट सुचवेन.

पण माझ्या मते पारडं व्हिंटेजकडे फिरतं ते तोटीखालच्या ओघळामुळे. चहा ओतून टीपॉट सरळ केला की शेवटचा थेंब तोटीच्या खालच्या बाजूने मागे वळतो, पोटावरून घरंगळत बुडाशी येतो आणि टेबलावर गोल डाग पडतो. प्रत्येक कपामागे एक डाग. धार मंद झाली की चहा तोटीच्या कडेला चिकटतो. कड जितकी गोल आणि जाड, तितका तो जास्त चिकटतो. सध्या लोकप्रिय असलेले जाड भिंतीचे स्टोनवेअर (जास्त तापमानात भाजलेल्या घट्ट मातीचे) टीपॉट नेमके इथे मार खातात. मुळात तोटीचं ओठ जाड, त्यावर झिलईचा जाड थर बसून कड आणखी बोथट होते. खालून लोण्याचं बोट फिरवलं तर ओघळ थांबतो, पण ते त्या वेळेपुरतंच.

चांगली तोटी डोळ्यांनीही ओळखता येते. ओठ पातळ, कड धारदार आणि टोक किंचित खाली वळलेलं हवं. टोक झाकणाच्या बैठकीपेक्षा वर हवं, नाहीतर टीपॉट भरतानाच तोटीतून चहा बाहेर येतो. आतल्या गाळणीच्या भोकांचं एकूण क्षेत्रफळ तोटीच्या तोंडापेक्षा जास्त हवं. भोकं कमी असली की चहा झाकणाखालून उसळतो. झाकणातलं हवेचं छिद्र झिलईने बुजलेलं असेल तर धार गचके खात पडते. टीपॉट तीन चतुर्थांश पाण्याने भरा, आधी जोरात, मग अगदी हळू ओता आणि मध्येच थांबा. तोटीखाली बोट फिरवलं की निकाल कळतो. फोटो पाहून घेणार असाल तर विक्रेत्याकडून तोटीच्या उंचीवरून काढलेला बाजूचा फोटो मागवा.

आता व्हिंटेज, म्हणजे ढोबळमानाने 1920 ते 1970 मधलं इंग्लिश बोन चायना. त्यात सुमारे निम्मी हाडांची राख असते, म्हणून ते पातळ असूनही चिवट असतं आणि उजेडासमोर धरलं तर पलीकडच्या बोटांची सावली दिसते. इंग्लिश सेट बहुतेक वेळा 21 नगांचा: सहा कप, सहा बश्या, सहा छोट्या प्लेटा, एक केकची प्लेट, दुधाचं भांडं आणि साखरदाणी. टीपॉट त्यात धरलेलाच नसतो! अनेकांना ही उणीव वाटते, मला तीच सोय वाटते. कपबश्या नक्षी पाहून घ्या आणि टीपॉट निव्वळ धार पाहून. तो साधा पांढरा असला तरी चालतो. नव्या सेटच्या खोक्यात येईल तो टीपॉट मुकाट्याने घ्यावा लागतो.

फुटलेला कप भरून काढणंही इथे सोपं जातं. रॉयल अल्बर्ट या इंग्लिश कंपनीच्या 1962 सालच्या 'ओल्ड कंट्री रोझेस'सारख्या नक्षीचे सुटे नग अजून सहज मिळतात. नव्या बाजारात नक्षी बंद झाली की शोधाशोध सुरू होते.

वय ठरवताना मात्र बुडाखालचा शिक्का नीट वाचा. देशाचं नाव साधारण 1891 नंतर येतं, कारण त्या वर्षी अमेरिकेने आयात मालावर ते बंधनकारक केलं. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर नग दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताबाकाळातला, 1952 पर्यंतचा. नोंदणी क्रमांकावर भाळू नका. शेली या इंग्लिश कंपनीचा 'डेंटी' आकार 1896 साली नोंदला गेला आणि तो क्रमांक पुढे कित्येक दशकं कपांवर छापला जात होता. क्रमांक आकाराचं वय सांगतो, कपाचं नाही.

नग तपासताना कप तळहातावर ठेवून कडेला नखाने टिचकी मारा. बोन चायना घंटेसारखं वाजतं. आवाज बद्द आला तर केसाएवढी चीर असणार, बहुतेकदा कानाच्या बुडाशी. कपाचं बूड बशीतल्या गोल खाचेत नेमकं बसायला हवं, नाहीतर जोडी जुळवलेली समजा. पांढऱ्या रंगाची झाकही जुळवून बघा, एक दुधी आणि दुसरी निळसर असेल तर माती वेगळी आहे.

व्हिंटेजचा खरा जाच एकच, सोनेरी कड. ती झिलईवर कमी तापमानात भाजलेली असते, त्यामुळे डिशवॉशरमध्ये झिजते, मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडवते, आणि खायच्या सोड्याची पेस्ट घासली तरी पुसट होते. कोमट पाणी, मऊ स्पंज, आणि सिंकच्या तळाशी टॉवेल. कप एकात एक रचू नका, कानाला धरून हुकाला टांगू नका. बश्यांच्या मध्ये पेपर नॅपकिन घाला.