चार घरं, एक वॅगनआर: आठ महिन्यांनंतर

पुण्यात धायरीतल्या आमच्या सोसायटीत चार घरांनी मिळून एक सेकंडहॅन्ड वॅगनआर सीएनजी घेतली, त्याला आता आठ महिने झाले. भेटेल तो विचारतो, खरंच चालतं का हे, भांडणं होत नाहीत का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. भांडणं होतात. फक्त ज्यावरून होतील असं वाटलं होतं त्यावरून झाली नाहीत.

आम्हाला वाटलं होतं रविवारी गाडी कोणाला यावरूनच रोज डोकेफोड होणार. पण आमच्यापैकी तिघांचं रोजचं काम टू-व्हीलरवरच भागतं, गाडी लागते ती दवाखाना, लग्न, स्टेशन आणि गावाला जायला, त्यामुळे गूगल कॅलेंडरवर आदल्या दिवशी नाव टाकलं की काम होतं. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर बुकिंग कोणाचंही असो, गाडी त्यांची. असं दोनदा झालं आणि दोन्ही वेळा कोणी हूं की चूं केलं नाही.

गाडी 2019 ची, 4 लाख 20 हजारांना मिळाली, म्हणजे घरटी 1 लाख 5 हजार. आरसीवर नाव फ्लॅट 104 वाल्या काकांचं, कारण ते रिटायर्ड, दिवसभर घरी आणि कागदपत्रं फायलीत लावायची त्यांना मनापासून हौस. बाकी तिघांचा हिस्सा स्टॅम्प पेपरवर लिहून घेतला (आता शंभराचा चालत नाही, 500 चा लागतो). हे आधी करा. आम्ही आधी गाडी आणली आणि मग महिनाभर "करू की सावकाश" चाललं होतं. शेवटी काकाच म्हणाले, उद्या तुमच्यापैकी कोणी कोणाला ठोकलं तर नोटीस माझ्याही नावाने येणार, मग कुठे सगळे हलले. अजून एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पॉलिसीबरोबर जो 15 लाखांचा अपघात विमा मिळतो तो फक्त आरसीवाल्या मालकाचा असतो, बाकीच्यांनी आपापला वेगळा काढायचा. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम केला नाही की हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर येत नाही, आपलं शून्यापासून सुरू.

आता भांडणं. पहिलं गॅसवरून. सकाळी साडेसहाला आईला घेऊन रक्त तपासायला निघाले, बघते तर गॅस संपलेला, पेट्रोलही तळाला, आणि आदल्या रात्री ज्यांनी आणून लावली ते "अगं घरापर्यंत आली ना" म्हणून मोकळे. पंपावर रांग, आई उपाशी, त्यात गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरायला लागतं, ती बिचारी गुडघे धरून उभी. त्या दिवशी मी ग्रुपवर जे लिहिलं ते नंतर डिलीट केलं पण सगळ्यांनी वाचलं होतं. तेव्हापासून नियम असा की अर्ध्याच्या खाली गॅस ठेवून गाडी लावायची नाही, आणि पेट्रोल कायम पाच लिटर तरी हवंच.

दुसरं बोंबलांवरून. 302 वाल्यांनी बाजारातून ओले बोंबील आणले, पिशवी गळली, दुसऱ्या दिवशी काकूंना देवदर्शनाला जायचं होतं आणि काकू पक्क्या शाकाहारी. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, चारही काचा खाली करून गेल्या आणि आल्या, आणि आल्यावर डिकीत एक झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवला. डिकीत सिलिंडरमुळे तसंही काही मावत नाही, पण तो डबा बसतो. आता मासे त्यातूनच येतात. काकूंना मानलं.

हिशोबासाठी एकाने ॲप टाकायला लावलं होतं, ते दोन आठवड्यांत बंद पडलं, कोण निघताना फोन काढून आकडे भरत बसणार. आता ग्लोव्ह बॉक्समध्ये शंभर पानी वही आणि दोऱ्याने बांधलेलं पेन आहे. निघताना किलोमीटर, आल्यावर किलोमीटर, वेळ, सही. या वहीने आम्हाला तारलंय. जूनमध्ये सिग्नल तोडल्याचं 500 चं चलन काकांच्या फोनवर आलं, त्या दिवशी दोन घरांनी गाडी नेलेली, दोघंही "मी नाही बाबा". चलनावर वेळ होती 7:42, वहीत बघितलं आणि विषय संपला. (कोण होतं ते सांगत नाही, घरातलंच होतं.)

फास्टॅगची एक गंमत आहे. मेसेज सगळे काकांना जातात. खेड शिवापूरचा टोल कापला गेला की काकांना कळतं कोण निघालंय, आणि संध्याकाळी जिन्यात विचारतात, काय मग, साताऱ्याला का? ज्यांना हे खपत नसेल त्यांनी सामायिक गाडीच्या फंदात पडू नये, सांगून ठेवते.

पैशांचं म्हणाल तर घरटी महिना 500 आणि किलोमीटरला 5 रुपये. आठ महिन्यांत 6,900 किमी झाले, म्हणजे जमा 50,500. गॅस किलोला 24 किमीच्या आसपास ॲव्हरेज धरून 25,900, इन्शुरन्स 11,200, सर्व्हिसिंग 5,600, दोन टायर 6,900. टोल आणि चलन ज्याचं त्याने. ओरखडा पाडला तर दहा हजारांपर्यंत चालवणाऱ्याच्या खिशातून, कारण तेवढ्यासाठी क्लेम करून बोनस घालवायचा म्हणजे चौघांचं नुकसान. हा नियम माझ्याच कृपेने झाला, पार्किंगचा खांब, 4,300 रुपये.

एकदा 201 वाल्यांच्या मेव्हण्याने विचारलं, भाडं देतो, दोन दिवस द्या गाडी. सरळ नाही म्हणालो. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी गाडी पैसे घेऊन दिली आणि काही झालं तर विमा कंपनी हात वर करणार. मेव्हणे रुसलेत अजून.

गणपतीचा प्रश्न मात्र मला अजूनही नीट सुटला असं वाटत नाही. चौघांपैकी तिघांना गावाला जायचं, गाडी एक. चिठ्ठ्या टाकल्या, 302 ला लागली, आम्ही एसटीने गेलो, परतीला उभ्याने. दिवाळीला पहिला नंबर आमचा असं ठरलंय, ते वहीच्या शेवटच्या पानावर सहीनिशी लिहून घेतलंय.

कोणाला करायचं असेल तर चारच्या वर घरं घेऊ नका आणि किल्ली एकाच जागी ठेवा, आमची काकांच्या दारामागच्या खिळ्याला असते.

बाकी पुढच्या महिन्यात सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) आहे, दर तीन वर्षांनी करावीच लागते, नाहीतर पंपवाले गॅस देत नाहीत. खात्यात 900 रुपये शिल्लक आहेत. ग्रुपवर मेसेज टाकलाय, तिघांनी पाहिलाय, उत्तर अजून फक्त काकूंचं आलंय.